आता प्रोसेसर बदला

"एवढे पार्ट बदलले, तरी अडकतोच! आज प्रोसेसर बदल, नाहीतर हा डबा इथेच फोडतो! तीनला ड्युटी आहे माझी, तोवर झालं पाहिजे!"

बसचालकानं कॉम्प्युटर काउंटरवर आदळला. दुकानदारीण एक मशीन उघडून बसली होती, त्याचे स्क्रू घरंगळत खाली गेले. तिनं ते मुकाट्यानं वेचले. या गिऱ्हाइकाचा चढलेला पारा ती महिनाभर बघत होती.

कॉम्प्युटर त्यानं तिच्याकडूनच घेतला होता, आयता जोडलेला, काचेच्या बाजूतून रंगीत दिवे दाखवणारा. कशासाठी, तर बस चालवायच्या गेमसाठी. दिवसभर खरी बस हाकणारा माणूस घरी येऊन खोटी बस हाकतो, याचं घरात सगळ्यांना हसू यायचं. त्याला त्याचं काही नव्हतं. बावीस वर्षांत त्याच्या बसवर ओरखडा उठला नव्हता आणि गेममध्येही उठणार नाही, अशी त्याची ऐट होती. पण गेम अडकायला लागला. बस सिग्नलच्या अलीकडे असायची, चित्र एकदम उडी मारायचं आणि बस पलीकडच्या भिंतीत घुसलेली असायची. एकदा मेहुणा शेजारीच बसला होता. "नाचता येईना, अंगण वाकडं," तो म्हणाला आणि पोट धरधरून हसला. त्या दिवसापासून बसचालकाला अन्न गोड लागत नव्हतं. दोष मशीनचा आहे, हे त्याला सगळ्यांच्या नाकावर टिच्चून सिद्ध करायचं होतं.

आधी त्यानं रॅम वाढवली. गेम अडकला. मग भारीतलं ग्राफिक्स कार्ड घातलं. ते वीज जास्त खातं म्हणून पॉवर सप्लायही मोठा घातला. गेम दिसायला देखणा झाला आणि देखणेपणानं अडकला. मधे दुकानदारिणीनं मशीन दोन दिवस ठेवून घेतलं आणि स्वतः खेळून पाहिलं.

"काका, माझ्याकडे एकदाही अडकला नाही," ती म्हणाली होती. "आधी कारण कळू दे, मग पुढचा पार्ट घ्या."

त्याची तळपायाची आग मस्तकात गेली होती. म्हणजे तो काय थापा मारत होता? घरी बायकोही तेच म्हणाली, मला तर काही अडकलेलं दिसलं नाही बाई. तिच्याशी त्यानं चार दिवस अबोला धरला.

"बदलते प्रोसेसर," दुकानदारीण आज म्हणाली. "पण हा परत द्यायचा तर कंपनी पुरावा मागेल. तुम्ही इथेच खेळा, मी मोबाइलवर शूटिंग घेते."

तिनं मशीन लावलं आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात एक बारीक ग्राफ सुरू केला. चित्र अडकलं की ही रेघ उसळी मारणार, तिनं सांगितलं. ती मोबाइल धरून बाजूला उभी राहिली.

तो गेमचा रिमोट हातात घेऊन स्टुलावर बसला. रागातसुद्धा तो बस झोकात चालवत होता. स्टॉपवर फूटपाथला अगदी लागून उभी करत होता, आरसे बघत होता, म्हाताऱ्या उतारूसाठी थांबत होता आणि तोंडानं मशीनला शिव्या घालत होता. पंधरा मिनिटं गेली. वीस गेली.

"हा! हा बघ!" तो ताडकन उठला. "चौकाच्या अलीकडे होतो मी, एकदम फूटपाथवर! आवाजसुद्धा तुटला! आता बोल, कोण खोटं बोलतंय?"

दुकानदारिणीनं मोबाइल खाली घेतला होता. तिचा चेहरा उतरला होता. ग्राफची रेघ सरळ होती.

"बोल की! दातखीळ बसली का?"

"काका, गेम अडकला नाही," ती हळूच म्हणाली. "मी तुम्हाला दोन हाका मारल्या."

"कधी?"

तिनं शूटिंग मागे नेऊन लावलं. त्यानं मोबाइल तिच्या हातातून हिसकावला.

चित्रात बस सुरळीत चालली होती. लाल सिग्नल आला. बस थांबली नाही. रस्ता ओलांडणारी माणसं बाजूला पळाली. बस त्याच वेगानं चौक पार करून फूटपाथवर चढली. स्क्रीनपुढे तो स्वतः बसलेला दिसत होता. डोळे उघडे होते. अंगठा वेगाच्या बटणावर तसाच दाबलेला होता. "काका," तिचा आवाज आला. "काका!" तो हलला नाही. सात सेकंद. मग त्याच्या पापण्या फडफडल्या आणि तो ताडकन उठून ओरडायला लागला.

त्यानं ते तीनदा पाहिलं. राग अजून अंगात धुमसत होता, पण आता तो काढायचा कोणावर? मेहुण्यावर, बायकोवर की या बाईवर? आणि मग त्याला सोमवार आठवला. चौकात कंडक्टर "ब्रेक!" म्हणून किंचाळला होता. एका बाईच्या पिशवीपासून हातभर अंतरावर बस थांबली होती. बाई एकदम आडवी आली, असं म्हणून त्यानं भरल्या बसमध्ये कंडक्टरलाच झापलं होतं.

"काका, डॉक्टरांना दाखवायला हवं," दुकानदारीण म्हणाली. "काकूंना फोन लावू का?"

"लाव," तो म्हणाला. "आधी मला एक करू दे."

घड्याळात दोन वाजून गेले होते. त्यानं खिशातून स्वतःचा फोन काढला. डेपोचा नंबर लावला.

"साहेब, तीनच्या फेरीला दुसरा माणूस द्या."

"आत्ता सांगतोस, ऐन वेळी?" पलीकडून साहेब खेकसले. "काय झालं? गाडीत बिघाड आहे का?"

"नाही साहेब," तो म्हणाला. "गाडी चांगली आहे."