फुली मारलेली बंदूक

युद्धानं पोळलेल्या देशांकडे शांतिसेनेसोबत निघालेल्या अधिकाऱ्यांना निवृत्त कर्नल नागपुरात शिकवत होता, "सैनिकानं आणि मदतसंस्थेनं खांद्याला खांदा लावूनच चालायचं." अधिकाऱ्यांमागे शेवटच्या रांगेत गुपचूप येऊन बसलेल्या जयवंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा नवरा, कळमेश्वरचा हातपंपाचा मिस्त्री, आफ्रिकेत हातपंप बसवायला मदतसंस्थेची गाडी घेऊन फिरायचा. काचेवर फुली मारलेल्या बंदुकीचा स्टिकर असे, म्हणजे गाडीत शस्त्र नाही. तो पाहून बंडखोरही वाट सोडत. एकदा याच कर्नलची जीप बिघडली आणि तो रायफलवाल्या जवानांसह त्या गाडीत घुसला. रायफली दिसताच बंडखोरांनी झाडलेली गोळी स्टिकर फोडून मिस्त्रीच्या छातीत शिरली. जयवंता उठली. "काहून बसले तुम्ही त्याच्या गाडीत?" कर्नल पुटपुटला, "ताई, माफ करा." "माफी ऐकाले नाही आली मी. त्याच्या सामानात आलेला स्टिकर खाली तुमच्या कारच्या काचेले चिकटवला, स्टेअरिंगसमोर. आता जिथं जासान तिथं त्या भोकातून रस्ता पाहत जा."