तिसऱ्यांदा फिरवलेलं बोट

कोपराच्या खळीवरून सिस्टरनं तिसऱ्यांदा बोट फिरवलं, आणि तिसऱ्यांदा तिला काहीच कळलं नाही.

हात एका बस ड्रायव्हरचा होता. रुंद मनगट, दंडाला करकचून बांधलेला रबरी पट्टा, कातडीवर जुन्या-नव्या टोचण्यांचे निळे-पिवळे डाग. सहा केमो झालेल्या माणसाच्या शिरा डोळ्यांना दिसत नाहीत, बोटानं चाचपाव्या लागतात. दाबलं की खालून दोरीसारखं काहीतरी उसळी घेतं. ते लागलं की सुई घालायची. वीस वर्षं ती हेच करत आली होती. दगडाला शीर असली तर ही बाई तीसुद्धा शोधून काढेल, असं सगळे म्हणायचे.

पण तिची स्वतःची केमो संपून चार महिने झाले तरी बोटांची टोकं अजून ताळ्यावर आली नव्हती. कापूस म्हणा, काच म्हणा, कातडी म्हणा, सगळं एकच. आज सकाळी कोटाची बटणंही नवऱ्यानं लावून दिली होती. "इन्चार्जबाईंना सांगून टाक एकदाचं," तो म्हणाला. पण सांगितलं की रवानगी फायलींच्या खोलीत, हे तिला ठाऊक होतं. कामावर परतून आजचा तिसरा दिवस. आतापर्यंत सगळे धडधाकट हात आले होते, दारातूनच शिरा दिसाव्यात असे. निभावलं होतं.

"मिळत नाही ना?" ड्रायव्हर भिंतीकडे बघत म्हणाला. "गेल्या वेळी पाच ठिकाणी टोचलं. म्हणून आज बाहेर विचारून तुमच्याच टेबलाला आलो. म्हणाले, त्या सिस्टर एका फटक्यात रक्त काढतात."

अंदाजानं घालावी का? अंदाज काही थोडाथोडका नव्हता, वीस वर्षांचा होता. तिनं सुईचं टोपण काढलं. ड्रायव्हरनं डोळे घट्ट मिटले. एवढा आडदांड माणूस, पण ओठ पांढरेफटक पडले होते.

तिनं सुई ट्रेमध्ये ठेवून दिली.

"दादा, खरं सांगते. मला शीर लागत नाहीये. माझीही केमो झालीय, बोटं बधिर आहेत. दुसऱ्या सिस्टरना बोलावते."

ड्रायव्हरनं डोळे उघडले. तिच्या डोक्यावरच्या नुकत्याच उगवलेल्या केसांकडे क्षणभर पाहिलं.

"दुसऱ्या म्हणजे गेल्या वेळच्याच ना?"

"हो."

"मग थांबा जरा."

त्यानं आपल्या दुसऱ्या हाताचं बोट कोपरात रोवलं आणि हळूहळू सरकवत नेलं. "ही बघा. इथून निघते, आणि इथं डावीकडे वळते."

"नक्की?"

"सहा महिने चाचपतोय, बाई. घरचा जिना अंधारात पाठ असतो ना, तशी पाठ झालीय."

त्यानं दाखवलेल्या रेषेच्या दोन्ही टोकांना तिनं पेनानं ठिपके दिले, हातमोजे चढवले, ठिपक्यांमधली जागा स्पिरिटनं पुसली. "आता हलायचं नाही हं." एका ठिपक्याकडून दुसऱ्याकडे रोख धरून तिनं सुई घातली. आत गेल्याचं बोटांना कळणार नव्हतंच, म्हणून ती श्वास धरून नुसती नळीकडे बघत राहिली. नळीत लाल धागा सरसर वर चढला.

एकामागून एक तीन बाटल्या भरल्या. तिनं पट्टा सोडला, सुई काढून कापूस दाबला. दोघांनाही बरंच हलकं वाटत होतं.

"तुमची बोटं कशी काय वाचली?" तिनं विचारलं.

"माझं सगळं पायात उतरलंय. घोट्याखाली पाय आहेत की नाहीत, पत्ताच लागत नाही. परवा चप्पल रस्त्यात राहिली आणि मी पुढे. मागून एका बाईनं हाक मारली तेव्हा कळलं." तो हसला. "असो. सोमवारपासून कामावर."

कापसावरचा तिचा हात तसाच राहिला. "बस चालवायला?"

"मग काय, विमान?"

ती हसली नाही. "ब्रेक कळतो पायाला?"

ड्रायव्हरनं खाली आपल्या बुटांकडे पाहिलं. "खाली बघून दाबतो," तो म्हणाला.

"आणि तेव्हा समोर कोण बघतं?"

त्यानं पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"सांगितलं तर सोमवार हातचा गेला. मग कुठला सोमवार मिळणार?" त्यानं मान वर केली. "तुम्ही सांगितलंत इथं कुणाला?"

तिनं बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. एक तिरकी बसली, ती काढून पुन्हा लावली. बाहेर पुढच्या नंबरचा माणूस दारात येऊन खाकरला. त्याला तिनं हातानंच थांबवलं.

"कापूस दाबून बाहेर बाकावर बसा," ती ड्रायव्हरला म्हणाली. "निघून जायचं नाही. तुमच्या डॉक्टरांकडे मी येते बरोबर."

"आणि तुमचं?"

"तेच उरकून येते आधी."

तिनं हातमोजे काढले. इन्चार्जबाईंची खोली बोळाच्या टोकाला होती. दार लोटलेलं होतं. तिनं हात उचलला आणि दारावर बोटं आपटली. बोटांना काही कळलं नाही. आवाज पोचला की नाही तेही समजेना, म्हणून तिनं पुन्हा, जरा जोरात आपटली.

"अगं, ऐकलं," आतून आवाज आला. "ये ना आत."