नंबर लाव

एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरली आणि डॉक्टरांच्या तोंडून नेहमीचं वाक्य निघालं, "आई-बाप काय झोपा काढत होते?"

वेडेवाकडे दात सरळ करण्यात या डॉक्टरांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि पालकांना फैलावर घेण्यातही नव्हतं. फिल्ममध्ये वरचा सुळा हिरडीबाहेर यायचं सोडून हाडातच आडवा झाला होता. त्याचं टोक समोरच्या दोन दातांच्या मुळांत घुसलं होतं. मुळं निम्म्याहून जास्त झिजली होती.

"नवव्या-दहाव्या वर्षी हिरडीवर नुसतं बोट फिरवलं असतं तरी कळलं असतं हो! दुधाचा सुळा काढून टाकायचा, की आतला येतो बापडा आपल्या वाटेने. पाच मिनिटांचं काम. किती वर्षांचं आहे पोर?"

"बारा," मदतनीस बाई म्हणाल्या. एरवी अशा वेळी "लोकांना कळतच नाही सर," म्हणून त्या साथ द्यायच्या. आज ट्रेमधली हत्यारं उगाचच पुन्हा नीट लावत होत्या. "सर, कोपऱ्यातलं नाव बघता का जरा?"

डॉक्टरांनी बघितलं. आडनाव त्यांचंच होतं.

"शाळेतून परस्पर आली. समोरचा दात हलतोय म्हणाली. तुम्ही आत कामात होता, म्हणून मीच काढून घेतली फिल्म."

त्यांनी फिल्म उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली. कशीही धरली तरी सुळा आडवाच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. शाळाशाळांतल्या हजारो पोरांच्या हिरड्यांवरून फिरलेलं बोट घरच्या एका तोंडात कधी गेलं नव्हतं. घरात तर त्यांचा कायदाच होता: जेवताना दातांचा विषय काढायचा नाही. "दिवसभर तेच बघतो, घरी तरी दात दाखवू नका मला!" यावर बायको हसायची, लेकही हसायची. घरातच डॉक्टर, मग काळजी कसली?

लेक खुर्चीत पाय हलवत बसली होती.

"आ कर."

दुधाचा सुळा, इवलासा, अजून ऐटीत जागच्या जागी होता. शेजारच्या दाताला त्यांनी बोट लावलं, तर तो हलला. त्याच्या पलीकडचाही हलला. बाईंनी आरसा पुढे केला, तो त्यांनी घेतलाच नाही. सुळ्याला साखळी बांधून खाली ओढता येईल, दीड-दोन वर्षांत तो येईलही. पण हे दोन? मूळच उरलं नाही तर ते टिकणार कशावर? परक्यांच्या पोरांचं हेच त्यांनी किती वेळा खडाखडा सांगितलं होतं.

"दुधाचा दात अजून पडला नाही, हे सांगायचं नाहीस का गं?" ते कसेबसे बोलले, आणि बोलल्या बोलल्या स्वतःचीच लाज वाटली.

"सांगितलं होतं की. चौथीत असताना, जेवताना. तू म्हणालास, क्लिनिकमध्ये नंबर लाव." ती हसली. "आज लावला ना. बाईंच्या वहीत माझं मीच नाव लिहिलं."

बाई पाठमोऱ्या झाल्या. डॉक्टरांचं बोट पुन्हा लेकीच्या हिरडीवर गेलं आणि तिथेच राहिलं, जणू आता चाचपून काही उपयोग होणार होता.

लेकीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. तिचं हसू मावळलं. त्यांचा हात हळूच बाजूला करून तिने विचारलं,

"बाबा, मी नंबर लावायला उशीर केला का?"