पसंती

"चालून दाखव," सोनुबाई म्हणाली.

सुंदरा दारापासून खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. खुर्चीवरच्या माणसाने आधी तिचे पाय पाहिले, मग हात. तोंडाकडे बघायला मात्र तो लाजत होता. चाळिशी उलटलेला, कळंबकडचा शेतकरी, हिरू नावाचा. समोरच्या चहावर साय धरली तरी त्याने कप उचलला नव्हता.

"हसरी आहे तशी," सोनुबाई म्हणाली. "आज जरा भेदरलीय, एवढंच."

हसरी म्हणे! दर शनिवारी पुरुष बघायला यायचे आणि सकाळीच सोनुबाई पावडरचा डबा बाहेर काढायची. सगळ्या जणींत तो एकच डबा फिरायचा. चांगलं लुगडंही एकच. जिला दाखवायचं तिने नेसायचं आणि संध्याकाळी घडी करून परत द्यायचं. त्यात हसण्यासारखं काय होतं?

घर कर्जतच्या बाहेर, रस्त्यापासून बरंच आत. दाराची कडी बाहेरून लागायची आणि कुलपाची किल्ली सोनुबाईच्या कमरेला असायची. एकदा सुंदरा मागच्या भिंतीवरून उडी टाकून पळाली होती. पळसदरीपर्यंत पोचलीही. तिथे पोलिसांनी धरली आणि जीपमध्ये घालून थेट सोनुबाईच्या दारात आणून सोडली. सोनुबाईने तिला बोटसुद्धा लावलं नाही. "इथे दोन घास सुखाने मिळतायत, ते टोचतात होय?" एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी गवंडी आला आणि भिंतीवर काचा बसल्या.

बाहेर जायची वाट एकच उरली. कुणीतरी पसंत करायचं आणि घेऊन जायचं. शकूला असाच खालापूरचा एक जण घेऊन गेला होता. पावसाळा संपायच्या आत ती दंडावर चटक्यांचे डाग घेऊन परत आली. सोनुबाईने डाग फिके होईपर्यंत दम धरला आणि तिला पुन्हा शनिवारच्या रांगेत उभी केली.

मागे मुंबईहून एक चष्मेवाल्या बाई आल्या होत्या. धंद्याला परवाना दिला तर बायकांचं रक्षण होईल, की त्यांना पिळणारे आणखी माजतील, असं त्या एकेकीला विचारत होत्या. सोनुबाई मागेच उभी होती, म्हणून सगळ्या तोंडात गुळणी धरून बसल्या. सुंदरा तेवढी बोलली, "कायदा कुठला पण करा, बाई. दाराची कडी आमच्या हातात ऱ्हाऊ द्या." बाई गोड हसल्या आणि घड्याळाकडे बघून उठल्या.

सुंदराचा जीव अडकला होता तो आवडीत. पाच वर्षांची पोर खोपोलीला, घाटाच्या पायथ्याशी मोतीबाईकडे राहिली होती. मोतीबाई तोंडाची फाटकी. तिच्या हातचा मारही सुंदराने खाल्ला होता. पण पोरीला ती उपाशी ठेवणार नाही, एवढी खात्री होती. तरी पोर आईवाचून किती दिवस काढणार? आणि मोतीबाईला या घराच्या आसपास फिरकायचीसुद्धा सोय नव्हती.

सोनुबाई पान आणायला आत गेली तशी सुंदरा खाली वाकली.

"एक विचारू? माझी पोर हाय. तिला पण न्याल?"

हिरूने पहिल्यांदाच वर पाहिलं. "लावणी येते तुला?"

"येते. कापणी, मळणी, सगळं येतं. पोरीचं सांगा."

"नेऊ की. घरात चार ताटं, तिथं पाचवं."

सुंदराच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात सोनुबाई पानाचं तबक घेऊन बाहेर आली.

"काय, पसंत?"

"पसंत," हिरू म्हणाला आणि गार चहा एका घोटात संपवला.

सोमवारी सोनुबाईने स्वतःच्या हाताने तिच्या अंबाड्यात गजरा माळला. हिरूने तिच्या गळ्यात काळी पोत बांधली. आता वाटेत कुणी काही विचारणार नव्हतं. कुलूप निघालं, आणि सुंदरा मागे वळून न बघता बाहेर पडली.

आधी खोपोलीला जाऊन आवडीला घ्यायचं आणि मग कळंब, असं तिने हिरूकडून कबूल करून घेतलं होतं. एस.टी.त तिला खिडकीपाशी जागा मिळाली. वाऱ्याने गजरा विस्कटत होता. आवडी आपल्याला ओळखेल ना, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता.

खोपोली जवळ आली तेव्हा हिरू खाकरला.

"पोरीला भेटून घे. पण न्यायची नाय."

"तुमी कबूल केलंत!"

"तवा केलं. माझी दोन हायत घरी. लोक काय म्हणतील? तिचा बाप कोण, काय सांगू मी?" मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "लावणी तोंडावर आली गं. बाईमाणूस पायजे घरात."

सुंदराने तोंड खिडकीकडे वळवलं. बोलून कुणाचं भलं झालं होतं?

घाट चढण्याआधी ट्रक बॉनेट उघडून रांगेने उभे होते. गॅरेजच्या मागे मोतीबाईचं घर. हिरू नाक्यावरच थांबला. "लवकर ये, परतीची बस जाईल," त्याने बजावलं.

ओट्यावर तिघी जणी तोंडं रंगवून ट्रकवाल्यांची वाट बघत बसल्या होत्या. त्यांच्यातून आवडी धावत आली आणि आईच्या कमरेला घट्ट बिलगली. मोतीबाई पान थुंकून उठली.

"सुंदरे! सुटलीस गं? धाड घालून सरकारनं कर्जतच्या त्या सुधारगृहात नेऊन ठेवलेली एक पण बाई परत आली नव्हती माझ्याकडं. सगळ्यांची लग्नं लावून देतात म्हणं तिथं."

नाक्यावरून हिरू हाका मारत होता. सुंदराने पोरीला कडेवर घेतलं, आपल्या जुन्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली.