त्यांचा राहिलेला धोंडा

"ओ पावणं, रिकाम्या हातानं कुठं निघालायसा?"

गडाच्या पायथ्याला ताक विकणारी बयाबाई खेकसली, तसा कोल्हापुरातून गाडी करून आलेला पाहुणा पहिल्याच पायरीवर थबकला. तिनं शेजारच्या ढिगातला एक धोंडा उचलून त्याच्या हातात दिला. "वरचा तट ढासळतोय. म्हणून आज्या-पणज्यापासनं चढणाऱ्यानं एक धोंडा न्यायचा. दुसऱ्या कुठल्या गडावर न्हाय ही रीत, आमच्याच गडावर हाय."

पाहुणा धोंड्याकडं बघत राहिला आणि बघता बघता त्याचे डोळे भरून आले.

बयाबाई वरमली. "जड झाला व्हय? बारका देऊ?"

"नको मावशी." तो पुस्तकातल्यासारखं मराठी जपून बोलत होता. "मी मॉरिशसचा. तिथे टेकडीवर इंग्रजांचा जुना किल्ला आहे. आमच्या घरचं माणूस खालून एक दगड घेऊनच तो चढतं. आजोबा न्यायचे, वडील न्यायचे, मीही नेतो. लोक हसतात. का नेतो, ते आम्हालाही ठाऊक नव्हतं. बोटीनं मजुरीला गेलेल्या खापरपणजोबांनी गावाचं नाव काही सांगून ठेवलं नाही. वीस दिवस तेच गाव शोधत फिरतोय."

धोंडा छातीशी धरून तो वाकला आणि बयाबाईच्या पाया पडला. मग तिनं ढिगातला चांगला थोराड धोंडा निवडला, पदरानं पुसला आणि त्याच्या दुसऱ्या हातात ठेवला.

"ह्यो तुमच्या खापरपणज्याचा. लई वरसं झाली, न्यायचा ऱ्हायलाय."