शिलाहारांच्या काळातली मिरची

सवलतीत मिळाली म्हणून निशिगंधाने शिलाहारांच्या काळातल्या रहस्यकथांची तीन ई-पुस्तकं एकदम घेतली आणि पस्तावली. पहिल्याच पुस्तकात पन्हाळ्यावर खून पडतो आणि शेजारी डोळ्यात फूल पडलेली एक म्हातारी लाल मिरच्या कुटत बसलेली! शाळेत इतिहास शिकवणाऱ्या निशिगंधाचं डोकंच फिरलं. मिरची पोर्तुगीजांनी आणली, तीही शिलाहार संपल्यावर कितीतरी पिढ्यांनी. दुसऱ्या पुस्तकाचा लेखक वेगळा, खून वेगळा. म्हातारी मात्र तीच, मिरच्यांसकट.

"अहो, हे लिहिणारे काही वाचतात का न्हाई?" ती करवादली.

"कोल्हापूरचं पुस्तक हाय. मिरचीबिगर कसं चालंल?" टीव्हीवरची नजर न काढता धैर्यशील म्हणाला.

"मग चला वर. लुगड्यावर मिरच्या वाळत घातल्यात. दोन्हीकडनं धरून उचलायला पाहिजे. एकटीचं काम न्हाई ते."

"मॅच संपू दे की."

चरफडत, तिसरं पुस्तक वाचतच ती जिना चढू लागली. कोतवाल म्हातारीला विचारत होता, हे तांबडं काय, आणि आणलंस कुठनं?

"हितं पिकत न्हाई, ठावं हाय मला," म्हातारी म्हणाली. "एका बाईंच्या गच्चीवरनं आणतो. आत्ता जिना चढाय लागल्यात बघा. नवरा काय उठत न्हाई त्यांचा. जातो, मीच धरतो."

गच्चीवर वाऱ्याची झुळूकही नव्हती. मिरच्यांनी भरलेल्या लुगड्याची पलीकडची दोन्ही टोकं कमरेएवढी वर उचललेली होती.