समोरची खुर्ची

मरोळच्या ऑफिसात आधीचे साहेब समोरच्या खुर्चीवर कायम स्वतःची बॅग ठेवायचे, म्हणजे रजा मागायला आलेल्याने उभंच राहावं. मुली त्या बॅगेला ‘धाकटे साहेब’ म्हणायच्या. वडील दवाखान्यात असताना कल्पितानेही तिथेच उभ्याने हात जोडले होते. साहेबांच्या जागी ती आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने बजावलं, “माझ्यासमोर कोणी उभं राहायचं नाही.” आज नवी मुलगी आत आली. “मॅडम, आईचं ऑपरेशन आहे, सुट्टी हवी होती.” कॉम्प्युटरवरून नजर न हलवता कल्पिता म्हणाली, “तुम्ही सगळ्याच गेलात तर काम कोण करणार गं?” बोलल्यावर तिला कळलं, वाक्य साहेबांचं होतं. ओशाळून म्हणाली, “घे सुट्टी. आणि बस ना, उभी कशाला?” “तिथे धाकट्या मॅडम बसल्यात ना!” मुलीच्या तोंडून निसटलं. खुर्चीवर कल्पिताची पर्स ऐसपैस बसली होती.